बाबांसाठी केलेली फळी

चिंतन म्हणे! आमच्या कॉलेजात प्रोजेक्ट संपला की प्रत्येकाने एक पान 'चिंतन' लिहायचं असतं. मी काय केलं, काय शिकले, पुढच्या वेळी काय वेगळं करीन. हे पान सगळे जेवणाच्या सुट्टीत एकमेकांचं बघून लिहितात. मीही तसंच लिहिलं होतं. टीमवर्कचं महत्त्व कळलं, वेळेचं नियोजन शिकायला मिळालं, वगैरे वगैरे. मॅडमनी ते वाचलं आणि तिथल्या तिथे परत दिलं. म्हणाल्या, "हे तू लिहिलेलं नाहीस, नुसतं उतरवलंयस. घरी जा आणि खरं काय झालं ते लिही. कितीही पानं होऊ देत."

कितीही पानं म्हणालात ना मॅडम? मग घ्या.

विषय होता मटेरियल निवडायचा. कुणाच्या तरी रोजच्या कामातली एक वस्तू घ्यायची, ती कशाची केली तर बरी होईल ते ठरवायचं, तशी बनवायची आणि त्या माणसाच्या हातात द्यायची. आठ दिवस त्याने ती वापरायची, मग एक फॉर्म भरून द्यायचा. तिघातिघांच्या टीम. आमच्या टीममध्ये एक तक्तेवाला. त्याला काहीही सांगा, तो त्याचा तक्ता करतो. डब्यात काय आणलंय विचारलं तरी रकाने पाडून सांगेल. दुसरी शंकासुर. ही मुलगी दर पाच मिनिटांनी हात वर करते आणि "पण मॅडम" अशी सुरुवात करते. तिसरी मी. मला ही दोघं ठिणगी म्हणतात. का म्हणतात ते विचारलंत तर मला राग येईल.

वस्तू मी ठरवली. ठरवली म्हणजे काय, पहिल्याच दिवशी टेबलावर हात आपटून सांगितलं की भट्टीची फळी, दुसरं काही नाही.

माझे बाबा बेकरीत भट्टीवर आहेत. सव्वीस वर्षं झाली. कच्चे पाव भट्टीत आतपर्यंत सरकवायचे आणि भाजले की बाहेर काढायचे, यासाठी लांब दांड्याची एक लाकडी फळी असते. पुढे पसरट पातं, मागे माणसापेक्षा लांब दांडा. ती फळी दिवसाला पाचसहाशे वेळा आतबाहेर करायची. सव्वीस वर्षांत बाबांचा उजवा खांदा त्या फळीने खाल्ला. म्हणजे हे आम्हाला कळलं गेल्या हिवाळ्यात, जेव्हा आईच्या लक्षात आलं की हा माणूस शर्टाची बाही आधी उजव्या हातात घालतो, मग तोच हात डाव्या हाताने उचलून खांद्यावर शर्ट ओढतो. आईने विचारलं तर म्हणाले, सवय लागलीय. माझे बाबा दुखणं अंगावर काढण्यात पट्टीचे. दात दुखत होता तेव्हाही त्यांनी सांगितलं नव्हतं. गाल सुजून उशीएवढा झाला तेव्हा दातानेच सांगितलं.

आईने आणि मी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसतात. त्यांनी हात वर करायला लावला, मागे न्यायला लावला, प्रत्येक वेळी विचारलं, "इथे दुखतं?" आणि बाबा प्रत्येक वेळी म्हणाले, "तसं काही विशेष नाही." कपाळावर घाम, आणि तसं काही विशेष नाही! डॉक्टरांनी शेवटी सरळ सांगितलं. खांद्यातली शीर झिजली आहे. हाच भार असाच चालू राहिला तर वर्षभरात फाटेल, मग भट्टी सुटली म्हणून समजा. भार कमी करा.

बेकरीच्या मालकीणबाई चांगल्या आहेत, त्या बाबांना काढणार नव्हत्या. पुढे काउंटरवर बसा, पाव मोजून पिशवीत घाला, असं त्या म्हणाल्याच असत्या. पण बाबांना भट्टीशिवाय काही येत नाही आणि आवडतही नाही. गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हटलं की ते पाठीमागच्या दाराने निघून जातात. काउंटरवर बसवणं म्हणजे त्यांना शिक्षाच झाली असती. म्हणून मी टेबलावर हात आपटला. मला त्यांना भट्टीवर ठेवायचं होतं. बाकी मार्कबिर्क सगळं नंतरचं.

तर तक्तेवाल्याने तक्ता केला. डाव्या बाजूला मटेरियल: जुनंच जड लाकूड, हलकं लाकूड, स्टील, अॅल्युमिनियम, दोन प्रकारचं प्लॅस्टिक. वरच्या ओळीत कसोट्या: वजन, ताकद, उष्णता सोसणं, अन्नाला चालणं, स्वच्छ करायला सोपं, किंमत. प्रत्येक कसोटीला शंभरातले किती गुण द्यायचे ते आपण ठरवायचं. मी म्हटलं वजनाला पन्नास. तक्तेवाला म्हणाला, "पन्नास फार होतात, मग बाकीच्यांना काय उरणार?" मी म्हटलं, "खांदा तुझ्या बापाचा आहे का माझ्या?" त्याने पन्नास लिहिले. पहिल्या बेरजेत हलकं लाकूड पुढे आलं, तेव्हा मी स्वच्छतेचे गुणही वाढवायला लावले. मला अॅल्युमिनियमच हवं होतं. चकचकीत, नवं, इंजिनिअरिंग केल्यासारखं दिसणारं. आता लिहिताना लाज वाटते, पण हे असंच झालं. उत्तर आधी ठरलं होतं, गणित मागून आलं.

शंकासुरने हात वर केला. आम्ही तिघंच होतो तरी तिने हात वर केला. "पण पीठ चिकटणार नाही ना?"

"इतक्या गुळगुळीत पत्र्याला कुठलं चिकटतंय," मी म्हटलं.

"पण खरं पीठ आणून बघायचं का एकदा?"

हे मी वर्कशॉपच्या मामांना विचारलं, खोटं नाही सांगत. हे मामा वर्कशॉपचे राजे. करवतीला धूळ दिसली तर त्यांना झोप येत नाही. ते म्हणाले, "माझ्या वर्कशॉपात पीठ आणलंत तर तुम्हा तिघांना त्यातच मळून काढीन." विषय संपला. मग आम्ही कच्च्या पावाच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या शिवल्या, जाड कापडाच्या, आणि त्यावर चाचणी घेतली. काय सरकल्या म्हणता! पंचवीस वेळा केलं, पंचवीस वेळा पिशवी अलगद उतरली. जुनी फळी सव्वाचार किलोची, आमची एक किलो नऊशे. तक्तेवाल्याने रंगीत आलेख काढला. मॅडम वर्गासमोर म्हणाल्या, ही टीम बघा. मी इतकी फुगले होते की दारातून बाहेर कशी पडले कोण जाणे.

बेकरीवाल्याची पोर मी. शाळेत असताना रोज संध्याकाळी भट्टीजवळच्या पोत्यावर बसून गृहपाठ केलाय. कच्चं पीठ बोटाला लागलं तर कसं सुटत नाही हे मला सांगायला शंकासुर लागावी? पण कॉलेजला गेल्यापासून मी बेकरीत पाऊल टाकलं नव्हतं. वेळ नाही म्हणायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

फळी घरी नेली त्या दिवशी बाबांनी ती दोन्ही हातांवर तोलून बघितली. पात्यात स्वतःचं तोंड बघितलं. "ही तू केलीस?" म्हणाले.

"आम्ही तिघांनी."

"फार हलकी आहे गं," असं म्हणून त्यांनी ती जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली, बाहेर नेताना चरा पडू नये म्हणून.

आठ दिवसांनी फॉर्म आला. वापरायला सोपी: पाचापैकी पाच. पकड: पाच. थकवा कमी झाला का: पाच. सुधारणा सुचवा, याच्यापुढे बाबांनी त्यांच्या गोलगोल अक्षरात लिहिलं होतं, 'काही नाही. मुलांनी फार छान केलं आहे.' शंकासुरने फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "सगळेच पाच?" मी म्हटलं, "तुला पाचातही शंका?" प्रेझेंटेशन पाच दिवसांवर आलं होतं. आमचा पहिला नंबर जवळजवळ ठरलेलाच होता.

प्रेझेंटेशनसाठी बाबा फळी वापरतानाचा एक फोटो हवा होता. म्हणून मी एका दुपारी न सांगता बेकरीत गेले. मागच्या दारातून, कॅमेरा तयार ठेवून. बाबा पाठमोरे होते. त्यांनी कच्चा पाव फळीवर घेतला, फळी भट्टीत घातली आणि मागे ओढली. पाव सुटला नाही. त्यांनी हिसका दिला. नाही सुटला. आणखी एक हिसका, अख्खा खांदा मागे फेकून. तेव्हा पाव अर्धा सुटला आणि अर्धा दुमडून पडला. बाबांनी डोळे मिटून घेतले, डावा हात उजव्या खांद्यावर ठेवला, थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग फळीवर कोरडं पीठ टाकून पुढचा पाव घेतला. पुन्हा तेच. भट्टीच्या तोंडाशी जळक्या पिठाचा वास भरला होता. भट्टीत तापून आलेल्या त्या पत्र्यावर ओलं पीठ टेकलं की घाम धरत होतं आणि डिंकासारखं बसत होतं.

पीठ मळणाऱ्या मावशी माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. त्या बाबांच्या आधीपासून तिथे आहेत, मला लहानपणी कडेवर घेतलंय त्यांनी. "आलीस का? बघ आता," त्या म्हणाल्या. "आठ दिवस हेच चाललंय. ती बघ जुनी फळी कोपऱ्यात. मी म्हटलं, घ्या ती, निदान पाव तरी सुटतो. तर हात लावत नाहीत. म्हणे पोरीला कळलं तर तिचे मार्क जातील."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. त्यांचा भार कमी व्हावा म्हणून मी फळी केली आणि माझे मार्क जाऊ नयेत म्हणून हा माणूस तोच खांदा झिजवत होता. आगीतून फुफाट्यात ढकललं होतं मी त्यांना, आणि वर पाचापैकी पाच घेऊन मिरवत होते.

मला रडू आलं की मी ओरडते. तशीच ओरडले. "बाबा! खोटं का लिहिलंत?"

ते दचकून वळले. फळी पटकन पाठीमागे लपवायला गेले. दोन मीटरची फळी! मागच्या मांडणीवरचे चार डबे खाली आले.

"खोटं कुठे," ते म्हणाले. "हलकी आहेच की."

"आणि हे हिसके? हे कुणाच्या बापाला दुखतंय?"

"तुझ्याच," असं मावशी मागून म्हणाल्या. मावशींना अशा वेळी गप्प बसता येत नाही.

बाबा खाली बसून डबे गोळा करायला लागले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला वाटलं, आठ दिवसांचा प्रश्न आहे. तुझी परीक्षा झाली की जुनी घेईन. तुमचे मार्क त्या कागदावर असतात असं तूच सांगितलंस ना?" हो, सांगितलं होतं. फॉर्म देताना मीच म्हटलं होतं, बाबा, नीट भरा हं, मार्क आहेत यावर. आता डोकं कुणावर फोडायचं? मी त्यांच्या शेजारी बसून डबे उचलले, आणि नवी फळी चादरीतही न गुंडाळता तशीच उचलून घरी आणली.

दुसऱ्या दिवशी दोघांना सगळं सांगितलं. तक्तेवाल्याचा चेहरा पडला. तो हळूच म्हणाला, "फॉर्म तर भरलेला आहे. सहीही आहे. आपण काही खोटं केलेलं नाही. प्रेझेंटेशन होऊन जाऊ दे, मग काकांना चांगली करून देऊ." तो वाईट मुलगा नाही. त्याची स्कॉलरशिप या वर्षीच्या निकालावर आहे. खरं सांगायचं तर एक मिनिटभर मलाही ते पटलं. आठ दिवस सोसलं तसे आणखी चार दिवस, आणि बाबा काय, कुणाला सांगणारही नाहीत. मग माझाच मला इतका राग आला की मी उठून उभी राहिले.

"नाही," मी म्हटलं. "चाचणीच चुकलीय. वाळूच्या पिशव्या भाजून कुणी खात नाही. आणि तुला," मी शंकासुरकडे वळले, "तुला मी गप्प केलं. चुकलं माझं."

मला वाटलं आता ही म्हणणार, मी सांगितलं होतं. मी असते तर म्हटलं असतं, आणि पुढची दोन वर्षं म्हणत राहिले असते. ती फक्त म्हणाली, "पण काका आता कुठली फळी वापरतायत?" जुनी, मी म्हटलं, सव्वाचार किलोवाली. "मग आज संध्याकाळपासूनच सुरू करायला हवं," असं म्हणून तिने वही उघडली. तक्तेवाल्याने एक मोठा उसासा सोडला आणि जुन्या तक्त्याची फाइल बंद केली.

मॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली. तारीख पुढे जाणार नाही आणि चाचणीचे मार्क कापले जातील, हेही सांगितलं. मग विचारलं, "ती वस्तू बनवताना तो माणूस कितीदा तुमच्याबरोबर होता?" एकदाही नाही! माझ्याच घरात राहतो तो माणूस, माझ्यासमोर बसून जेवतो, आणि मी त्याला एक प्रश्न विचारला नव्हता.

बाबांच्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांना वर्कशॉपात आणलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. हातात मोठा पितळी डबा, त्यात ओल्या फडक्याखाली कच्चं पीठ. मामांनी डब्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "मी सांडणार नाही." मामा म्हणाले, "तुम्ही नाही सांडणार, दिसतंय. ही तिघं सांडतील." आणि कोपऱ्यातलं लोखंडी टेबल त्यांनी स्वतः पुसून दिलं.

पण आमचं घोडं पहिल्याच पायरीवर अडलं. अॅल्युमिनियमच्या पात्यावर पिठाचा गोळा ठेवला, तो सुटेना, तेव्हा शंकासुरने विचारलं, "काका, या फळीत काय चुकलंय?" बाबा म्हणाले, "चुकलं असं काही नाही, छानच आहे." तक्तेवाल्याने विचारलं, "दांड्याची लांबी?" छान आहे. "पकड?" तीही छान. अहो, पत्र्यावर पीठ आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चिकटून बसलंय आणि बाबा त्याला छान म्हणतायत! प्रत्येक उत्तर देण्याआधी ते माझ्याकडे बघत होते. कॉलेजची इमारत, मशिनं, मॅडम, सगळ्यांसमोर पोरीचं कौतुक करायला आल्यासारखे उभे होते.

मला राहवलं नाही. "बाबा," मी म्हटलं, "मार्क गेलेत. आधीच गेलेत. आता लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही. तुम्ही नावं ठेवा. खुशाल ठेवा. भट्टीवरचा माणूस नवीन हेल्परला कसा झाडतो, तसं झाडा मला."

बाबांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या. अॅल्युमिनियमची फळी उचलली. आणि मग, मॅडम, तुम्ही दारात उभ्या होतात, तुम्ही ऐकलंय. मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"हे पातं आहे का ताट?" ते म्हणाले. "पातं जाड कशाला? पुढची धार अशी हवी की पावाखाली शिरली हे पावाला कळू नये. आणि पत्रा ओलावा पीत नाही. लाकूड पितं. म्हणून लाकडावरून पाव उतरतो, पत्र्यावर बसून राहतो. दुसरं, वजन कमी केलंत ते मागे, दांड्यात. मला जड होतं ते पुढे. फळी आत गेली की पुढचा पावशेर मला पाच किलोचा होतो. मागे दांडा जरा जड असला तर उलट बरंच, तोल येतो. आणि ही पकड कुणी केली? माझी मूठ इथे येतच नाही. डावा हात इथे, उजवा इथे." बोलता बोलता त्यांनी मामांच्या टेबलावरचा खडू उचलला आणि दांड्यावर खुणा केल्या. तक्तेवाला इतक्या वेगाने लिहीत होता की त्याला रकाने पाडायचंही सुचलं नाही. मामा काम सोडून ऐकायला आले. लाकडाचं निघाल्यावर मामा मागे गेले आणि सरळ रेषांची, वास नसलेली, हलकी अशी एक फळकुटी घेऊन आले. दोन म्हातारे ती नखाने टोकरत, वास घेत, एकमेकांना माना डोलावत उभे. आम्हा तिघांना कुणी विचारत नव्हतं.

तक्ता पुन्हा केला. या वेळी कसोट्यांचे गुण बाबांनी दिले. 'पाव सहज सुटणे' ही ओळ तर आमच्या तक्त्यात नव्हतीच. तिला त्यांनी पंचेचाळीस दिले. एकूण वजनाला पंधरा. चकचकीत दिसण्याला किती, असं तक्तेवाल्याने मला चिडवायला विचारलं, मी त्याला खडू फेकून मारला. उत्तर आलं ते असं: पातं हलक्या लाकडाचं, पुढे रंधा मारून पातळ केलेलं; दांडा अॅल्युमिनियमच्या जाड नळीचा, म्हणजे आमचा अगदीच पोपट झाला नाही; आणि मुठी बाबांच्या खुणांवर. दोन दिवस आम्ही रंधा मारला. शंकासुर दर दहा मिनिटांनी "पण सांध्यात ओलावा शिरला तर?" असं विचारायची आणि दर वेळी आम्ही थांबून तो सांधा बघायचो.

प्रेझेंटेशनच्या आदल्या दुपारी बेकरीत चाचणी. पहिला कच्चा पाव बाबांनी नव्या पात्यावर घेतला, आत घातला, आणि मनगटाने एक छोटीशी ओढ दिली. फळी रिकामी बाहेर आली. पाव आत, गोल, जिथे हवा तिथे. बाबांनी दुसरा घेतला. तिसरा घेतला. मावशी मळता मळता थांबल्या. विसावा पाव आत गेला तरी त्यांचा खांदा जागचा हलला नव्हता, सगळं काम कोपर आणि मनगट करत होतं. तक्तेवाला माझ्या कानात ओरडला, "सुटतंय!" जसं काही मला दिसतच नव्हतं. मी रडत होते आणि या वेळी ओरडत नव्हते.

निकाल सांगून टाकते. चाचणीचे मार्क कापले गेले, पहिला नंबर दुसऱ्याच टीमला मिळाला, आम्ही चौथे. तक्तेवाल्याची स्कॉलरशिप थोडक्यात वाचली, त्या दिवशी जिवात जीव आला. पण मॅडम, तुम्ही मला खरं लिही म्हणालात, तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते निकालानंतरचं आहे.

नव्या फळीला सहा आठवडे झाल्यावर मी बाबांना पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. या वेळी धरून न्यावं लागलं नाही, ते पुढे आणि मी मागे. डॉक्टरांनी हात वर करायला लावला आणि विचारलं, "इथे दुखतं?" बाबांनी जरा विचार केला. म्हणाले, "इथे नाही. याच्या दोन बोटं मागे. हात वर नेताना दुखत नाही, खाली आणताना दुखतं. या कुशीवर झोपलो की बोटांना मुंग्या येतात. सकाळी जास्त. हिसका बसला की इथून इथपर्यंत कळ जाते, ती आता पुष्कळ कमी झालीय, पण थंडीत येते." डॉक्टरांच्या हातातलं पेन थांबलं. "अहो काका, जरा हळू," ते म्हणाले, "मला लिहून तर घेऊ द्या." मग त्यांनी नीट तपासलं, बराच वेळ. झीज वाढलेली नाही, म्हणाले. फाटण्याची भीती तूर्त गेली. रोज व्यायाम करायचा, दर तीन महिन्यांनी येऊन दाखवायचं, आणि भट्टी सोडायची काही गरज नाही.

आम्ही जिना उतरून रस्त्यावर आलो. बाबा मान खाली घालून चालत होते. मला वाटलं डोळे भरून आले असतील. माझे तर आलेच होते. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर ते थांबले, जरा घुटमळले, आणि म्हणाले, "ते गुडघ्याचं सांगायचं राहिलंच."

"कुठल्या गुडघ्याचं?"

"डाव्या. दोन वर्षं झाली."

मी कंबरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांचा हात धरला, वळवलं, आणि दोघंही पुन्हा जिना चढायला लागलो.